मुंगीच्या विषानं औषधाले न जुमाननारे जंतू मरतात म्हंते, खरं हाये का? (बाबांच्या पायाची जखम)

काळी_माती
रविवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी, लय दिवसांनी लिहून राह्यलो, वेचणीच्या गडबडीत इकडं यायलेच भेटलं नाई.

तर झालं असं का आमच्या बाबांच्या उजव्या पायाले आंगठ्याखाली तुरीचं धसकट लागलं. स्लीपर घालून वावरात गेले होते अन् त्यायले लागलेलं समजलंच नाई, संध्याकाळी मायनं ओसरीवर रक्ताचे ठिपके पाह्यले तवा कळलं. शुगर हाये त्यायले. शुगर हाये हे बी आमाले दवाखान्यानं नाई सांगतलं, मोरीतल्या मुंग्यायनं सांगतलं. दोन वर्षाआधी बाबा जिथं लघवीले बसत तिथं मुंग्यायची रांगच लागे, माय म्हने हे काही बरं लक्षण नाई, मंग तपासलं.

जखमेले आज सव्वा महिना झाला. पह्यले मेडिकलवरून लाल-पिवळ्या कॅप्सूल आणल्या, तीन दिवस खाल्ल्या, बरं वाटलं, बंद केल्या. पुन्हा चिघळली तवा उरलेल्या दोन कॅप्सूल फोडून पावडर जखमेत भरली (हो, माहीत हाये, बोलू नका). मंग तालुक्याले एका डॉक्टरनं पाच इंजेक्शनं लिहली, त्यातली तीन झाली, चौथ्या दिवशी कापसाची गाडी भरली होती त जाणं राहूनच गेलं. आता जिल्ह्याच्या ठिकाणी पाठोलं, तिथं पू तपासाले घेतला, चार दिवसांनी कागद भेटला, त्याच्यावर औषधायच्या नावापुढं नुसते आर, आर, आर. डॉक्टर म्हने जंतू हट्टी हाये, नाई आवरला त आंगठा काढा लागू शकते. तवापासून बाबा कोनाशी धड बोलून नाई राह्यले.

आता मेन गोष्ट. शेजारच्या काकाच्या मोबाईलवर मेसेज आला का मुंगीच्या विषात असं काही हाये का ज्याच्यानं कोनत्याच अँटिबायोटिकनं न मरणारे जंतू मरतात, त लाल मुंग्या वाटून जखमेवर बांधा. काका सांगून थांबला नाई, जंगलाकडच्या आंब्यावरून लाल मुंग्यायचं अख्खं घर पानासकट पिशवीत भरून घेऊन आला. पिशवी आत्ता माझ्यासमोर खुंटीले टांगली हाये, आतून खसखस आवाज येऊन राह्यला. माय पाटा धुवून बसली हाये.

खरं हाये का हे? लवकर सांगा.


वऱ्हाडी_ठेचा
९:१९

आधी पिशवीची गाठ पाह्य बाबू, बाकीचं मंग. त्या सुटल्या त बाबा राह्यले बाजूले, तुमालेच उचलून न्या लागन.


जंतूताई
९:३१

लावू नका. काकूंना पाटा उचलून ठेवायला सांगा, आत्ता.

मी वर्धा जिल्ह्यातली, बारा वर्षं झाली जंतूंच्या लॅबमध्ये कामाला आहे, पू, लघवी, थुंकी हाच रोजचा धंदा. झाडावर पानं शिवून घर करणारी जी लाल मुंगी असते ना, तिला नांगीच नसते. ती जबड्यानं चावते आणि चावलेल्या जागी पोट वाकवून फॉर्मिक आम्ल सोडते, आग होते ती त्याची. म्हणजे मेसेजमध्ये ज्या विषाचं कौतुक आहे ते या मुंगीकडे नाहीच. उघड्या मांसावर आम्ल पडलं तर जंतू मरतील तितके मरतील पण बाबांचं मांसही भाजेल, आणि शुगरच्या पायाला दुखत नाही, धसकट लागलेलं कळलं नाही तर हे कसं कळेल? वरून पाट्यावर वाटलेल्या मुंग्या म्हणजे मुंगीच्या पोटातले जंतू, पानावरची माती आणि पाट्यावरचा कालचा ठेचा, हे सगळं आपण जखमेत भरणार.

मेसेजमधली अर्धी गोष्ट मात्र खरी आहे, ती हसून सोडून देण्यासारखी नाही. सांगते. पण आधी रिपोर्टवर काय लिहिलंय ते टाईप करून टाक. फोटो नको, त्यावर नाव असतं.


वऱ्हाडी_ठेचा
९:३४

कालच्या ठेच्यावर काहून आल्या ताई, थो बिचारा निर्दोष हाये


काळी_माती
९:४६

पिशवी अंगणात नेऊन ठेवली. काका रुसला, च्या न पेता गेला.

कागदावर वरतं लिहलं हाये स्टॅफिलोकोकस ऑरियस. खाली सेफॉक्सिटिन आर, सिप्रोफ्लॉक्सासिन आर, इरिथ्रोमायसिन आर, क्लिंडामायसिन आर. लिनेझोलिड एस, व्हॅन्कोमायसिन एस. सगळ्यात खाली मोठ्या अक्षरात एमआरएसए. एसवाल्यातलं एक डॉक्टरनं सुरू केलं हाये. हे एमआरएसए काय भानगड असते?


जंतूताई
१०:२०

एस आहे ना, मग आधी श्वास घे. आर म्हणजे त्या औषधाला जंतू दाद देत नाही, एस म्हणजे देतो. दोन एस आहेत ही चांगली बातमी आहे, माझ्या टेबलावरून असेही कागद गेलेत ज्यावर एक एस शोधायला भिंग लागावं.

हे ठरवतात कसं ते सांगते, म्हणजे कागदावर विश्वास बसेल. तळहाताएवढी प्लास्टिकची बशी असते, तिच्यात जंतूंचं खाद्य खरवसासारखं गोठवलेलं. पुवातून वाढवलेला जंतू पाण्यात कालवून कापसाच्या काडीनं त्या बशीवर सारवायचा, अंगण सारवतो तसा, बशी फिरवून तीनदा, कुठंच जागा सुटली नाही पाहिजे. मग औषध लावलेल्या कागदाच्या टिकल्या चिमट्यानं ठेवायच्या, खरंच कपाळावरच्या टिकलीएवढ्या, ६ मिलिमीटरच्या. रात्रभर ३५ अंशाला ठेवलं की सकाळी बशीभर जंतूंची साय धरलेली असते आणि ज्या टिकलीचं औषध चालतं तिच्याभोवती स्वच्छ गोल सुटलेला असतो. तो गोल पट्टीनं मोजायचा. बाबांच्या बशीत सेफॉक्सिटिनचा गोल नीट पडलाच नसणार. (व्हॅन्कोमायसिनला या जंतूसाठी टिकली चालत नाही, ते वेगळ्या पद्धतीनं मोजतात, पण तो आमच्यातला वाद आहे, जाऊ दे.)

सेफॉक्सिटिन आर आलं की समजायचं पेनिसिलिनच्या घराण्यातली जवळपास सगळी मंडळी बाद. ही औषधं जंतूची भिंत बांधणारं एक प्रथिन धरून ठेवतात, भिंत अर्धवट राहते, जंतू फुटतो. या जंतूनं त्या कामावर दुसरंच प्रथिन ठेवलंय ज्याला औषध धरूच शकत नाही. यालाच एमआरएसए म्हणतात.

तुमच्या तीन दिवसांच्या कॅप्सूलमुळेच हा तयार झाला असं मी म्हणणार नाही, हा जंतू गावोगाव फिरतोय, कधी दवाखान्यातूनच घरी येतो. पण अर्धवट औषधानं साधेसुधे जंतू मरतात आणि हट्टी तेवढे मोकळ्या वावरात वाढतात हे खरं. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगनं १९४५ मध्ये नोबेलच्या भाषणातच कमी डोसचा धोका सांगून ठेवला होता, पेनिसिलिन बाजारात येऊन तेव्हा कुठं काही वर्षं झाली होती. २०१९ या एका वर्षात जगात १२ लाख ७० हजार मृत्यू थेट दाद न देणाऱ्या जंतूंमुळे झाले असा अंदाज लॅन्सेट या डॉक्टरांच्या नियतकालिकात आलाय. म्हणून तर लोक मुंग्यांच्या मागे लागलेत. मुंग्यांचं पुढचं कुणी जाणकार असेल तर सांगा, मला फक्त जंतू कळतात.


झाडीपट्टीचा_मास्तर
सोमवार, सकाळी ६:५०

रात्रभर मुंग्यांवर चर्चा आणि मी झोपलेलो, याला काय म्हणावं! मी एटापल्ली तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, पोरं मला मुंगीगुरुजी म्हणतात, पाठीमागं आणखी काय म्हणतात ते त्यांनाच ठाऊक.

ताईंनी सांगितलं ते अगदी बरोबर, झाडावरची लाल मुंगी म्हणजे आम्लाची पिचकारी. जॉन रे नावाच्या इंग्रज माणसानं १६७१ सालीच मुंग्या उकळून, वाफ धरून ते आम्ल वेगळं काढलं होतं, फॉर्मिक हे नावच मुंगीच्या लॅटिन नावावरून पडलंय.

खरी विषवाली मुंगी तुमच्या धुऱ्यावर आहे. ती बारीक तांबडी, निंदणाला बसलेल्या बायकांच्या पोटऱ्यांवर चढते आणि डसली की निखारा टेकवल्यासारखं होतं, ती. तिचं शास्त्रीय नाव सोलेनोप्सिस जेमिनाटा. तिची एक बदनाम बहीण आहे, सोलेनोप्सिस इन्व्हिक्टा, मूळची दक्षिण अमेरिकेतली, १९३० च्या दशकात जहाजातून अमेरिकेच्या अलाबामा राज्यात मोबाईल नावाच्या बंदरावर उतरली (हो, मोबाईलच नाव आहे) आणि तिकडच्या शेतकऱ्यांना रडवून सोडलं. संशोधन जास्त झालं ते या बहिणीवर. बहुतेक नांगीवाल्या प्राण्यांच्या विषात प्रथिनं मुख्य असतात, हिचं उलटं, ९५ टक्क्यांहून जास्त भाग अल्कलॉइड नावाच्या रसायनांचा, त्यातल्या मुख्य गटाला सोलेनोप्सिन म्हणतात. ती डसली की दुसऱ्या दिवशी पांढऱ्या तोंडाची पुळी येते, पू भरल्यासारखी दिसते, पण खाजवून फोडली नाही तर आत जंतू नसतात, विषच त्यांना टिकू देत नाही. हे विष जंतूंना मारतं हे १९५८ मध्येच छापून आलंय.

पुढची गंमत तर लय भारी आहे. सुडोमोनास नावाचा एक जंतू असतो, जखमेत हिरवट पू करणारा. हे जंतू थोडे असताना गप्प बसतात, एकमेकांत रसायनं सोडून आपण किती जण जमलो याचा अंदाज घेत राहतात, आणि पुरेसे जमले की सगळे मिळून एकदम हल्ला, मग चिकट थर करून बसतात ज्यात औषध शिरत नाही. ग्रामसभेचा कोरमच समजा. २००८ मध्ये असं दिसलं की सोलेनोप्सिन या जंतूंचा हा कोरमच भरू देत नाही. मारत नाही, नुसतं एकमेकांचं ऐकू येऊ देत नाही. आमच्या ग्रामसभेत बारा वर्षांत दोनदा कोरम भरला, आता संशय येतो की पंचायतीच्या भिंतीत वारूळ असावं.

दुसरी तऱ्हा फ्रेंच गयानातल्या एका मुंगीची, तेव्हा तिला पॅकिकॉन्डिला गोएल्डी म्हणत. २००१ मध्ये तिच्या विषातून १५ पेप्टाइडं वेगळी काढली, नाव दिलं पोनेरिसिन. पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचा लहान तुकडा. ही मुंगी शिकार करून किडे घरात आणते, किड्यांबरोबर जंतूही येतात, तर डंखातलं विष शिकारही मारतं आणि वर जंतूंचाही बंदोबस्त होत असावा असा अंदाज. हे तुकडे धन भाराचे, जंतूचा पापुद्रा बाहेरून ऋण भाराचा, म्हणून ते तिथंच जाऊन चिकटतात आणि भोकं पाडतात. आपल्या पेशीचा पापुद्रा बाहेरून तसा नसतो, म्हणून आपण बऱ्यापैकी वाचतो. बऱ्यापैकी म्हणालो, पूर्ण नाही.

आणि मुंगी दिसली की औषध असंही नाही बरं का. २०१८ मध्ये अमेरिकेत २० जातींच्या मुंग्यांच्या अंगावरचं रसायन धुऊन जंतूंवर टाकून पाहिलं तर १२ जातींचं चाललं, ८ जातींचं काहीच झालं नाही. त्या आठ जणी जंतूंपासून कशा वाचतात तो वेगळाच धागा होईल.

(शाळेची घंटा झाली. उरलेलं नंतर.)


आजीचा_बटवा
सोमवार, सकाळी १०:०५

सगळं परदेशातलं सांगता, आपल्याकडचं कोणी सांगत नाही. सुश्रुतांनी मुंग्या वापरल्या होत्या शस्त्रक्रियेत, तेव्हा हे जॉन बिन कुठं होते? आमच्या आजेसासूबाई सांगत, तिकडं चंद्रपूरच्या जंगलात ताप उतरत नसेल तर अंगावर लाल मुंग्या सोडत. जुन्या लोकांना काहीतरी कळत असेलच ना. सरसकट लावू नका म्हणणं मला पटलं नाही.


झाडीपट्टीचा_मास्तर
सोमवार, दुपारी १:२०

डबा खाता खाता लिहितोय.

बटवाताई, सुश्रुतसंहितेत मुंग्या आहेत, शंभर टक्के. आतडं फाटलं तर दोन कडा जुळवून त्यावर मोठे काळे मुंगळे चावायला लावायचे, जबडा घट्ट बसला की धड तोडायचं, डोकं तसंच राहू द्यायचं. म्हणजे टाका घालायचं काम. अफाट डोकं चाललंय त्या माणसाचं, मी दर वर्षी पोरांना सांगतो. पण त्यात जबडा वापरलाय, विष नाही, आणि वाटून तर अजिबात नाही.

लाल मुंग्यांचं म्हणाल तर आमच्या इथून इंद्रावती ओलांडली की बस्तर, तिथं चापडा चटणी आठवडी बाजारात पानावर मिळते, मी खातो, आंबट मस्त लागते. ओडिशात मयूरभंजच्या याच मुंग्यांच्या चटणीला २०२४ मध्ये जीआय टॅग मिळाला. पण चटणी पोटात जाते, तिथं आधीच त्याहून कडक आम्ल आहे. जखमेत नाही. आणि तापाचं म्हणाल तर मुंग्या सोडल्यावर उतरलेला ताप लोक सांगतात, न उतरलेला कोण सांगत बसतं?

अजून एक, कुणाला मुंगीच्या डंखानं अंगभर गांधी आल्या, ओठ सुजले, श्वास लागला तर घरी हळद-चुना करत बसू नका, तडक दवाखाना. काळ्या डोक्याची, मधे नारिंगी, खोडावर भराभर पळणारी जी लांबट मुंगी असते तिच्या डंखानं असं होऊ शकतं.


शंकेखोर_नागपूर
सोमवार, दुपारी ३:११

१९५८ पासून माहीत आहे म्हणता, मग औषध कुठंय? मेडिकलवर मुंगीची गोळी मिळते का? सत्तर वर्षं जवळपास होत आली. हे पेपर छापणारे दर वर्षी एक सुपरबगचा कर्दनकाळ शोधतात, कधी बेडूक, कधी झुरळ, आता मुंगी, आणि आपल्या हातात येतो फक्त फॉरवर्ड. माझा राग मुंगीवर नाही, बातमीवर आहे.


जंतूताई
सोमवार, रात्री ९:०२

राग बरोबर आहे. आजपर्यंत मुंगीच्या विषातलं एकही अँटिबायोटिक बाजारात आलेलं नाही.

बशीत जंतू मारणं ही सगळ्यात सोपी पायरी आहे हो, बशीत फिनाईलही मारतं. पुढं अडतं ते असं. ही पेप्टाइडं रक्तात गेली की आपलीच पाचक प्रथिनं त्यांचे तुकडे करतात, तासाभरात खेळ संपतो. डोस वाढवला तर तांबड्या पेशी फुटायला लागतात, भोकं पाडणारा माणूस शेवटी भोकंच पाडणार. मग एखादा अमिनो आम्लाचा मणी बदलून बघायचं, जंतू मरतोय पण रक्तपेशी वाचतेय असं जुळवत बसायचं. बायकारिनॅलिन म्हणून एक आहे, टेट्रामोरियम बायकॅरिनाटम या मुंगीच्या विषातलं, फक्त २० मण्यांची माळ, ती स्टॅफिलोकोकसवर चालते, पोटात अल्सर करणाऱ्या हेलिकोबॅक्टरवरही तपासलीय. असल्या लहान माळा बऱ्या, कारखान्यात बनवता येतात, मुंग्या पिळत बसायला नको. तरी पेनिसिलिनसारख्या बुरशीनं पिंपभर बनवून द्यायच्या औषधापेक्षा खर्च कितीतरी जास्त.

पण विषातून औषध येतच नाही असंही नका म्हणू. ब्राझीलच्या एका सापाच्या विषात बीपी पाडणारी पेप्टाइडं सापडली, त्यांच्या अभ्यासातून कॅप्टोप्रिल ही गोळी तयार झाली, १९८१ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली, आजही त्या घराण्यातल्या गोळ्या आपल्या आई-बाबांच्या डब्यात असतात. त्यात साप वाटून घातलेला नाही. विषानं वाट दाखवली, गोळी माणसानं बनवली.

आणि जंतू पेप्टाइडालाही फसवतो. कोलिस्टिन हे पेप्टाइडच आहे, भोकंच पाडतं, शेवटचा उपाय म्हणून आयसीयूत ठेवलेलं. जंतूनं काय केलं, पापुद्र्यावरचा ऋण भारच कमी केला, चिकटायला जागाच ठेवली नाही. हे करणारं एक जनुक, एमसीआर-१, जे एका जंतूकडून दुसऱ्याकडं सहज जातं, ते २०१५ मध्ये चीनमधून कळवलं गेलं. डुकरांत सापडलं होतं.


कोंबडी_फार्म_अमरावती
सोमवार, रात्री ९:४०

कोलिस्टिन निघालं म्हणून बोलतो. आमच्या धंद्यात ते वर्षानुवर्षं पाण्यातून, खाद्यातून चालत होतं, पक्षी आजारी नसला तरी, वजन चांगलं यावं म्हणून, आम्हाला तर ते औषध आहे हेही माहीत नव्हतं, कंपनीचा माणूस पुडा देऊन जायचा. २०१९ ला सरकारनं जनावरांसाठी बंद केलं तेव्हा कळलं की हेच माणसाचं शेवटचं औषध होतं. तेव्हा लय वाईट वाटलं, खरं सांगतो. आता शेड कोरडं ठेवणं, लिटर (पक्ष्यांखालचा भुसा) पलटणं यावरच भर देतो, मर थोडी जास्त होते पण चालवून घेतो.


मेडिकलवाला_पोट्टा
सोमवार, रात्री १०:१५

आता सगळे आमच्यावर येतीन म्हणून आधीच सांगतो, काटोलकडं दुकान हाये आमचं. २०१४ पासून शेड्यूल एच१ (सरकारची औषधायची यादी) लागू हाये, त्यातल्या औषधाले चिठ्ठी पाह्यजे, रजिस्टरमंधी डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती दिलं हे लिहून तीन वर्षं जपून ठेवा लागते. आमी लिहतो. पण तुमाले सांगू का, गिऱ्हाईक येते अन् म्हंते दोनच दे, पैसे नाई. पाच दिवसाच्या गोळ्या घे म्हटलं त म्हंते तू लुटून राह्यला. नाई म्हटलं त समोरच्या दुकानात जाते. अन् पट्टीवर लाल रेघ असते ती कशाची हे मले आजपावतो एका बी माणसानं इचारलं नाई, चिठ्ठीबिगर घ्याची नसते म्हणून असते ती.

काळीमाती भाऊ, तुमाले ज्यानं कॅप्सूल दिल्या त्याची बी चूकच हाये, पन तुमी इचारलं काय होतं? "जखमेवरच्या गोया दे." हो ना?


काळी_माती
सोमवार, रात्री १०:३१

हो. अगदी हेच इचारलं होतं.


झाडीपट्टीचा_मास्तर
मंगळवार, सकाळी ६:४०

काळीमाती, बाबा बोलत नाहीत म्हणालास म्हणून हे लिहितो, वाचून दाखव त्यांना.

आफ्रिकेत मेगापोनेरा नावाची मुंगी आहे, वाळवीवर फौज घेऊन चालून जाते, त्यात बऱ्याच जणी पाय तुटून परत येतात. एरिक फ्रँक आणि त्याच्या सोबत्यांनी आयव्हरी कोस्टच्या जंगलात हे पाहिलं, २०२३ ला छापलं. घरातल्या मुंग्या जखमी मुंगीची जखम चाटतात, आणि त्यात जंतू झालेत की नाही हे त्यांना कळतं. जंतू झाले असतील तरच जास्त करून छातीच्या मागच्या बाजूला असलेल्या एका ग्रंथीतला स्राव काढून जखमेत लावतात. ज्या जंतूनं जखमा चिघळत होत्या तो हिरव्या पुवाचा सुडोमोनासच. हा इलाज मिळाला तर मरण ९० टक्क्यांनी कमी झालं. म्हणजे बघा, मुंगी सुद्धा सरसकट औषध लावत नाही, आधी तपासते. आणि हे नांगीतलं विष नाही, वेगळी ग्रंथी आहे, मेसेजवाल्यांनी सगळं एकात कालवलंय.

आता फ्लोरिडातली मुंगी ऐका, आपल्या घरात साखरेच्या डब्याला लागणाऱ्या काळ्या मुंगळ्याच्याच कुळातली, कॅम्पोनोटस. हिच्याकडं ती औषधाची ग्रंथीच नाही. मग ही काय करते? मांडीच्या भागाला जखम झाली तर सोबतिणी अख्खा पाय वरून कुरतडून काढतात, जखमी मुंगी हलत नाही, पाय धरून देते. खाली नडगीला जखम झाली तर कापत नाहीत, नुसती चाटून चाटून साफ करतात. २०२४ चं काम आहे हे. मांडीवाल्या मुंग्या कापल्याशिवाय ४० टक्क्यांहून कमी जगायच्या, कापल्यावर ९० च्या वर. नडगीवाल्या नुसत्या सफाईनं १५ वरून ७५ टक्क्यांवर. नडगीला का कापत नाहीत तर तिथून जंतू इतक्या लवकर वर सरकतात की कापून होईस्तोवर उशीर झालेला असतो, असं त्या लोकांचं म्हणणं.

बाबांना सांग, आंगठ्याचं डॉक्टर ठरवतील, पण रोजची सफाई ही काही फालतू गोष्ट नाही.


काळी_माती
मंगळवार, रात्री ८:५५

मास्तर, वाचून दाखोलं. अर्धं झाल्यावर बाबा उठून बसले. म्हने, "मुंगीले सहा पाय असते बाप्पा, मले दोनच हाये." पंधरा दिवसात पह्यल्यांदा हासले. मंग म्हने त्या डॉक्टरकडं उद्या मलम-पट्टीले जाचं हाये ना, गाडीत पेट्रोल हाये का पाह्य.

अन् एक सांगाचं राह्यलं. पिशवी अंगणात ठेवली होती ती रातून फाडून सगळ्या मुंग्या निंबूच्या झाडावर चढल्या. मायची कपडे वाळू घालाची दोरी तिथंच बांधली हाये. काकाच्या नावानं जे चालू हाये ते इथं लिहता येत नाई.


वऱ्हाडी_ठेचा
मंगळवार, रात्री ९:००

लिहा लिहा, आमी मोठे झालो आता


झाडीपट्टीचा_मास्तर
मंगळवार, रात्री ९:२५

राहू द्या त्यांना, चीनमध्ये चौथ्या शतकापासून संत्र्या-लिंबाच्या बागांत कीड खायला हीच मुंगी सोडत आलेत. पिशवीत राणी आली नसेल तर काही आठवड्यांत हळूहळू संपतील. दोरी तेवढी दुसरीकडं बांधा.


काळी_माती
(अठरा दिवसांनी) शनिवार, संध्याकाळी ७:३०

अपडेट देतो. औषधाचा कोर्स पुरा केला, एक गोई नाई चुकोली, माय कॅलेंडरवर फुल्या मारे. डॉक्टरनं दोनदा जखमेचं मेलेलं मांस खरवडून काढलं, बाबांले दुखलं नाई अन् मलेच चक्कर आली, मले बाकावर झोपोलं. रोज मिठाच्या पाण्यानं, म्हणजे दवाखान्यातल्या सलाईनच्या बाटलीनं, धुतो अन् पट्टी बदलतो. एमसीआर चप्पल (मऊ रबराची, त्या जनुकाचा संबंध नाई) घेतली, आंगठ्याखाली दाब नाई पडला पाह्यजे म्हणून त्यात खाच करून देली. जखम आता कडेनं गुलाबी हाये, पह्यले रुपयाएवढी होती, आता चिंचोक्याएवढी. आंगठा काढाचं सध्या नाव नाई.

एक इचाराचं होतं ताई. माय म्हंते मोरीत आता मुंग्या लागून नाई राह्यल्या, म्हंजे शुगर गेली, त गोया कमी करू का?


जंतूताई
शनिवार, रात्री ८:१०

नाही! मोरीतल्या मुंग्या रक्तातली साखर मोजत नाहीत, लघवीतली मोजतात, आणि लघवीत साखर उतरते ती साधारण रक्तात १८० च्या वर गेल्यावर. १८० च्या खाली मुंग्या गप्प, तरी शुगर वाढलेली असू शकते. मशीननं मोजली का?


काळी_माती
शनिवार, रात्री ८:२४

सकायी उपाशीपोटी १६८.


जंतूताई
शनिवार, रात्री ८:२६

मग गोळ्या चालू. सोमवारी पट्टीला जाल तेव्हा हा आकडा डॉक्टरांना दाखवा, डोस वाढवायचा का ते तेच सांगतील. आणि मशीनच्या पट्ट्या संपू देऊ नका.


काळी_माती
शनिवार, रात्री ८:४०

पट्ट्या चारच राह्यल्या. काकाले पाठोतो आणाले, आजच माफी मागून गेला, त्याले बी काहीतरी काम पाह्यजेच हाये.


वऱ्हाडी_ठेचा
शनिवार, रात्री ८:४२

पिशवी रिकामी देजा फक्त